कर्णिक बाईंची दुसरी कॅसेट

कर्णिक बाई कुणालाही "कशी आहेस?" असं विचारत नसत. "किती?" एवढंच विचारत. भाजी बाजारात, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर एका घरी दहाव्याच्या दिवशी त्यांनी हा प्रश्न केलेला मी ऐकला आहे. प्रश्न वजनाचा असे. समोरची बाई दोन किलो कमी करून सांगे. बाई तिच्याकडे बघत राहत आणि म्हणत, "आता खरं." मग ती खरं सांगे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. नलिनी कर्णिक पनवेलमधल्या एका मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवत. चाळिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नव्हतं, उंची जेमतेम पाच फूट, केस कानापर्यंत कापलेले. शाळेत साडी नेसावी लागे. त्या साडीखाली कराटेची पांढरी विजार घालून येत आणि खेळाचा तास सुरू झाला की साडी सोडून, घडी करून खुर्चीवर ठेवत. मुख्याध्यापिकेने हरकत घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलींना लाथ शिकवायची की निऱ्या?" हरकत पुन्हा कुणी घेतली नाही.

कराटे त्या मुंबईला जाऊन शिकल्या होत्या. कमरेला तपकिरी पट्टा बांधत. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या आणि हे लपवत नसत. "दोन्ही वेळा परीक्षकांचं बरोबर होतं," असं नवीन मुलींना पहिल्याच दिवशी सांगत. चुकांच्या बाबतीत त्या इतक्या काटेकोर होत्या की गावात त्यांचा शब्द चाले. कुणाला आवडत नसत, पण त्या खोटं बोलतात असं कुणी म्हणत नसे.

संक्रांतीला मुली तिळगूळ द्यायच्या. बाई तो घ्यायच्या, पर्समध्ये टाकायच्या आणि म्हणायच्या, "घेतला. गोड बोलणार नाही." पुढच्या तासाला जी मुलगी धापा टाकेल तिच्या हातावर तो लाडू ठेवायच्या. "हा खा आणि घरी बस." लाडू मिळालेली मुलगी रडे. मग तिच्या मैत्रिणी तिला वर्षभर 'लाडू' म्हणत. बाईंनी शिक्षा एकदाच केलेली असे, बाकीचं काम वर्ग करी.

शाळा सकाळची होती. दुपारी तीन वाजता बाई एका मंगल कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर बायकांचा वर्ग घेत. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, कापड दुकानदारांच्या बायका येत. पंजाबी ड्रेस घालून जमिनीवर बसायलाही लाजणाऱ्या या बायका बाईंनी दोन महिन्यांत हवेत ठोसे मारायला लावल्या. पद्धत साधी होती. "समोर कोण आहे ते ठरवा," त्या म्हणत. "नाव मला सांगू नका. सासू असेल, नणंद असेल, नवरा असेल. तुमचं तुम्हाला माहीत. आता मारा." बायका मारत. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होत.

एकदा एक नव्याने आलेली बाई मध्येच थांबली. म्हणाली, "बाई, माझ्यासमोर कुणीच येत नाही हो. माझ्या घरी सगळे चांगले आहेत."

"सगळे?"

"हो."

"मग तू जाड कशाने झालीस?" बाईंनी विचारलं. "जा, बस तिकडे."

ती बाई अर्धा तास भिंतीशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आली आणि सगळ्यांत जोरात ठोसे मारू लागली. समोर कोण होतं ते तिने सांगितलं नाही. वर्गाला अंदाज होता.

वर्गातल्या एकीच्या भावाने दुबईहून एक व्हिडिओ कॅसेट आणली. गोऱ्या बाईची. चकचकीत कपडे घातलेली ती बाई गाण्याच्या ठेक्यावर हवेत ठोसे आणि लाथा मारत होती, पोट-मांड्या घरच्या घरी कशा आवळायच्या ते दाखवत होती, आणि पूर्ण वेळ हसत होती. बायकांनी बाईंना मुद्दाम बोलावून ती दाखवली. बाईंनी हाताची घडी घालून शेवटपर्यंत पाहिली.

"ही हसते कशाला?" त्यांनी विचारलं.

"आवडतंय तिला, बाई."

"मारताना जी हसते तिला कधी कुणी मारलेलं नाही," बाई म्हणाल्या. "बंद करा ते."

घरी पोचेपर्यंत त्यांनी ठरवलं होतं की आपली कॅसेट काढायची. मराठीत, पनवेलच्या बायकांसाठी. गावातल्या केबलवाल्याला सकाळी अकरा वाजता दाखवायला काहीतरी हवंच होतं. नवरे कामावर, मुलं शाळेत, कुकर उतरलेला, अशी ती वेळ.

इथे माझा संबंध येतो. मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकाचा पनवेलचा वार्ताहर होतो. बाई मला नावाने हाक मारत नसत, 'पत्रकार' म्हणत. त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं की मजकूर तू लिही आणि वाचही. मी म्हणालो, बायकांची कॅसेट आहे, आवाज बाईचा हवा.

"नाही," त्या म्हणाल्या. "बाईने चूक म्हटलं की बायका विचारतात, तू कोण सांगणारी? पुरुषाने म्हटलं की लगेच पटतं. वाईट आहे, पण तसं आहे."

मग त्यांनी आपली योजना सांगितली. पडद्यावर दोघी दिसतील. डावीकडे स्वतः बाई. उजवीकडे चुकणारी. "बरोबर करणारीला बघून कुणी शिकत नसतं, पत्रकार. बायका आरशासमोर उभ्या राहतात त्या आपलं काय वाईट आहे ते बघायला. मला एक चुकणारी हवी. ती दिसली की प्रत्येकीला वाटेल, हिच्यापेक्षा मी बरी. तेवढ्यावर ती रोज टीव्ही लावेल."

चुकणारी म्हणून वर्गातली एकही बाई तयार झाली नसती. बाईंनी कुणाला विचारलंही नाही. त्यांनी मथुरेला बोलावलं.

मथुरा शाळेत शिपाई होती. दुपारी कार्यालयाचा हॉल झाडायचं कामही तिला बाईंनीच मिळवून दिलं होतं. रोडपालीची आगरी बाई, पस्तिशीची, रुंद हाडाची, अंगाने भरलेली. लहानपणी मिठागरावर आईबरोबर मिठाच्या टोपल्या वाहिलेली. नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर. एक मुलगी, संगीता, बाईंच्याच शाळेत आठवीत.

"मथुरा, टीव्हीत यायचंय?"

"मना?" मथुरा हसली. "काय करायचं, बाई?"

"माझ्या शेजारी उभं राहायचं. तुला जमेल तसं करायचं."

"मना नाय येत तुमचा तो कराटे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

चित्रीकरण पितृपक्षात झालं. त्या पंधरवड्यात लग्नं नसतात, त्यामुळे हॉल मोकळा आणि लग्नाचं शूटिंग करणारा अन्वरही मोकळा. वर्गातल्या बायका कुजबुजल्या की या दिवसांत नवं काम सुरू करत नाहीत. बाई म्हणाल्या, "पितरांनाही बघू दे." मागे नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या, त्या हलवता येत नव्हत्या, म्हणून तशाच राहिल्या. अन्वर लग्नातल्यासारखं प्रत्येक व्यायामानंतर चित्र बदामात गुंडाळून टाकत होता. बाईंनी ते काढायला सांगितलं.

"बाई, मशीनमध्ये दोनच हाय," अन्वर म्हणाला. "दिल लो या गुलाब लो."

बाईंनी गुलाब घेतला.

मथुरेने कुणाचा तरी मागून आणलेला पंजाबी ड्रेस घातला होता. तो काखेत घट्ट होता. आयुष्यात पहिल्यांदा साडी सोडून दुसरं काही घातल्याने ती एकसारखी कुर्ता खाली ओढत होती. पण उत्साह दांडगा. बाई ठोसा मारत, ती दोन्ही हात फिरवी. बाई पाय उचलत, ती ओढणीत अडकून खुर्चीवर जाऊन आदळे, आणि हसे. अन्वरही हसे. बाई हसत नसत. "छान," म्हणत. "असंच." मथुरेला वाटलं आपलं जमतंय.

मजकूर मी लिहिला होता, तो वाचून नंतर जोडायचा होता. त्यात एक वाक्य फिरून फिरून येई: "डावीकडे पाहा, हे बरोबर. उजवीकडे पाहा, ही चूक." कॅसेटभर एकतीस वेळा. मोजून लिहिलं होतं.

कॅसेट केबलवर पहिल्यांदा लागली ती सुट्टीच्या दिवशी. मथुरेने शेजारणीच्या घरात अर्धी आळी गोळा केली होती. पहिली पाच मिनिटं सगळे टाळ्या वाजवत होते. मग आवाजात काय म्हणतायत ते एकेकाच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मी बाईंशी बोलत उभा होतो. मथुरा पाण्याची कळशी घेऊन आली, कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, मी चुकत होते तं तवाच सांगायचं ना. मी सुदारलं असतं."

"सुधारलं असतंस म्हणूनच सांगितलं नाही," बाई म्हणाल्या.

कॅसेट चालली. बाईंचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. पनवेलच्या बायका अकराला टीव्ही लावत, त्या कर्णिक बाईंसाठी नव्हे. महिन्याभरात मथुरेचं नाव 'चुकीची बाई' पडलं. बाजारात बायका तिला बघून एकमेकींना कोपर मारत. बांगडीवाला तिचा हात धरून म्हणाला, "हात नीट धर, नायतर इथंबी चुकशील." शाळेत संगीताला मुली 'चुकीचीची' म्हणू लागल्या. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी तिला मध्ये उभं करून भोवती फेर धरला आणि माझं वाक्य माझ्याच चालीवर म्हटलं. मथुरा तेव्हा दहा पावलांवर वर्गांचे फळे पुसत होती. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी शिट्टी वाजवून मुलींना वर्गात पाठवलं, वेळ संपली होती म्हणून.

त्यानंतर मथुरेने जे केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. दुपारी बायकांचा वर्ग चाले तेव्हा ती झाडू घेऊन दाराशी बसून राही. वर्ग पांगला की दार लोटून घेई आणि रिकाम्या हॉलमध्ये, अनवाणी, साडीचा काचा मारून, म्हणजे निऱ्या मागे खोचून, बघितलेलं सगळं करून बघे. वर्षभर. मिठागरावर अरुंद बांधावरून डोक्यावर टोपली घेऊन चाललेल्या बाईला तोल शिकवावा लागत नाही. बाकीचं तिने बघून उचललं. बाई करत होत्या तसं नव्हे, बाई सांगत होत्या तसं. त्या दोन्हींत तेव्हा फरक पडायला लागला होता, पण ते अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी कार्यालयात सभेची बातमी घ्यायला लवकर पोचलो. जिन्याच्या वर बाई दारात उभ्या होत्या, आत बघत. मी बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. आतून पायांचा आवाज येत होता. बाई पाच मिनिटं तशाच उभ्या राहिल्या आणि मथुरेला न सांगता खाली उतरल्या.

"कशी करते?" मी विचारलं.

"दुसरी कॅसेट काढू," त्या म्हणाल्या.

मथुरेने आधी साफ नकार दिला. "आता नाय, बाई. पोरीला शालंत तोंड दाखवता येत नाय."

"या वेळी बरोबर करायचं," बाई म्हणाल्या. "तुला येतं तेवढं सगळं."

"बरोबर? मी?"

"मी कधी खोटं बोलले आहे?"

मथुरेने विचार केला. बाईंच्या नावावर अनेक गोष्टी होत्या, खोटेपणा नव्हता. "नाय," ती म्हणाली, आणि पुन्हा उभी राहायला तयार झाली. एकदा बरोबर दिसायचं, त्याच पडद्यावर, त्याच बायकांना, एवढंच तिला हवं होतं. हे तिने मला सांगितलं, अन्वरला सांगितलं, संगीताला सांगितलं. संगीताने वर्गात सांगितलं.

पुन्हा पितृपक्ष, पुन्हा तोच हॉल. सर्वपित्री अमावास्येला दोनच दिवस उरले होते. त्यानंतर अन्वरला नवरात्रातले गरबे होते आणि हॉलही लागलेला होता. मथुरेने मांजरपाटाचा पांढरा कुर्ता आणि विजार स्वतः शिवून आणली होती. ती बारीक झाली नव्हती, पण बांधीव दिसत होती. हसत नव्हती.

शेवटचा आणि सगळ्यांत अवघड व्यायाम बाजूच्या लाथेचा होता. तो बाईंनीच मला पूर्वी समजावला होता. आधी गुडघा कमरेपर्यंत उचलायचा. मग पाय बाजूला सरळ झोकायचा, टाच पुढे. मग पुन्हा गुडघ्यात दुमडायचा आणि त्यानंतरच खाली ठेवायचा. गुडघा न उचलता नुसता पाय झोकला तर ती लाथ नव्हे, कुत्र्याला हाकलणं झालं, असं त्या म्हणत.

अन्वरने कॅमेरा सुरू केला. ठेका वाजू लागला. मथुरेचा गुडघा वर आला, पाय सरळ गेला, खांद्याच्या उंचीवर क्षणभर थांबला, दुमडला, खाली आला. आठ वेळा, एकसारखा. डावीकडे बाईंचा पाय गुडघ्यात वाकलेलाच सुटला, मांडीच्या वर गेला नाही आणि धपकन खाली पडला. आठही वेळा.

"वा," अन्वर म्हणाला.

"कुणाला?" बाईंनी विचारलं.

अन्वर कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ पुसू लागला.

बाई मागच्या मखमली खुर्चीवर जाऊन बसल्या. विजार वर केली. उजव्या गुडघ्याला क्रेप बँडेज होतं आणि त्याच्या वर-खाली सूज आली होती. हॉलच्या टाइल्सवर इतकी वर्षं उड्या मारून गुडघा गेला होता. त्या बँडेज सोडून पुन्हा घट्ट गुंडाळत असताना मथुरा पाण्याचा पेला घेऊन गेली. बाईंनी तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी अन्वरच्या दुकानातल्या छोट्या टीव्हीवर आम्ही तिघांनी चित्रण पाहिलं. मथुरेला बोलावलं नव्हतं. बाईंनी पूर्ण कॅसेट एकदा पाहिली, मग शेवटचा व्यायाम पुन्हा पाहिला. पुन्हा शूटिंग करता येणार नव्हतं, आणि केलं असतं तरी गुडघा तोच होता.

"आवाज लागायचाय ना अजून?" त्या म्हणाल्या.

"हो बाई," अन्वर म्हणाला. "पत्रकारसाब वाचतील आत्ता."

"मग मागच्याच मजकुरातलं वाक्य ठेव. डावीकडे बरोबर, उजवीकडे चूक."

मला वाटलं त्यांच्या लक्षात आलं नाही. "बाई, या वेळी उजवीकडची—"

"मला डोळे आहेत, पत्रकार. वाच."

"पण दिसतंय ना. बघणाऱ्यांना दिसेल."

"कुणाला?" बाई म्हणाल्या. "वर्षभर त्यांनी तिला चूक म्हणूनच बघितलंय. तू वाच. काही दिसत नाही कुणाला."

अन्वरने माझ्याकडे पाहिलं. मी माईक ओढून घेतला आणि वाचलं. मध्ये खोकला आला म्हणून एक भाग दोनदा वाचावा लागला. "पाहा, उजवीकडे पाय किती वर गेला आहे. ही चूक. डावीकडे पाय खाली आणि किंचित वाकलेला आहे. हे बरोबर." एवढा भाग नवा होता. बाईंनी तिथेच सांगितलं आणि मी तिथेच लिहून घेतलं.

दसऱ्यानंतर कॅसेट केबलवर लागली. चारच दिवसांनी मथुरा माझ्या ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या पुढची खोली होती. ती उभीच राहिली.

"भाऊ, तो आवाज तुमचाच ना?"

"माझाच."

"मंग सांगा. मी चुकले का?"

"मी फक्त वाचलं, मथुराताई."

"वाचताना समोर टीव्ही नव्हता?"

"होता."

"आणि दिसत नव्हतं?"

मी बाईंनी सांगितल्याचं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तिला ते आधीच माहीत असावं. म्हणाली, बहिणीला उरणहून बोलावलं होतं. संगीताने वर्गातल्या चार मुली घरी आणल्या होत्या, त्या पोरींच्या आया पण आल्या होत्या. "त्या बाया आवरंत नव्हत्या हसायला. माझी पोर उठून मोरीत जाऊन बसली. म्हनते, आई, तू खोटं बोललीस."

मग तिने मागणी केली. "तुमी पेपरात लिवा. मथुरा बरोबर होती, येवढं. बाईंचं नाव पण नका घालू."

"ही बातमी होत नाही," मी म्हणालो. त्यावेळी ते मला खरं वाटत होतं.

"बरं," ती म्हणाली. "मंग मी बाईंनाच इचारते. तुमी चला. साक्षीला."

मी गेलो. काहीतरी घडणार होतं, आणि आमच्या धंद्यात जायला तेवढं कारण पुरतं.

वर्ग सुरू होता. पंचवीसेक बायका रांगांत उभ्या होत्या. बाई पुढे खुर्चीची पाठ धरून मोजत होत्या. मथुरा झाडू दाराशी ठेवून सरळ पुढे गेली.

"बाई, यांना सांगा. माझी लाथ चूक की बरोबर?"

रांगांत खुसखुस झाली. कुणीतरी म्हणालं, "आली गं, उजवीकडची आली."

"वर्ग चालू आहे, मथुरा."

"दोन मिन्टं. तुमी यक मारा, मी यक मारते. बघू दे यांना."

बाईंनी खुर्ची सोडली नाही. "तू मार," त्या म्हणाल्या.

मथुरेने काचा मारला. गुडघा वर घेतला. पाय बाजूला सुटला आणि सरळ, खांद्याच्या रेषेत थांबला. ती तो खाली आणेना. साडीतून पोटरी दिसत होती, आणि तळपाय हलत नव्हता. मी कराटे शिकलेला नाही, पण बाईंनी शब्दांत सांगितलेली लाथ मी त्या दिवशी पहिल्यांदा इतका वेळ थांबलेली पाहिली.

पहिल्यांदा डॉक्टरांची बायको हसली. "अगं, खाली घे तो पाय! किती वर नेतेस?"

"गुडघा वाकव की थोडा," दुसरी म्हणाली. "बाईंचा बघ कसा असतो."

"कॅसेट बघत नाहीस वाटतं तू?"

मग सगळ्याच हसू लागल्या. एकीने तिला करून दाखवलं, पाय अर्धा वाकवून, मांडीच्या खाली. बरोबर बाईंसारखा. शेजारचीनेही केलं. तिसरीने केलं. मथुरा पाय वर धरून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती हसणाऱ्या बायकांत कुणीतरी एक न हसणारी शोधत असावी. मी हसलो नव्हतो, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी तिने बाईंकडे पाहिलं.

बाई तिच्या पायाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "चूक." आणि वर्गाकडे वळून, "चला. पुढचा."

मथुरेने पाय आधी गुडघ्यात दुमडला, मग खाली ठेवला. काचा सोडला, झाडू उचलला आणि बाहेर गेली.

वर्ग सुटल्यावर बायका भराभर उतरून गेल्या. मी जिन्याच्या मध्यावर थांबलो होतो. बाई वरून एकेक पायरी आडव्या होऊन उतरत होत्या, दोन्ही हात कठड्याला. माझ्या पायरीवर आल्यावर थांबल्या. धाप लागली होती.

"पाय बघितलास तिचा?"

"बघितला."

"माझा तसा कधीच गेला नाही. गुडघा चांगला होता तेव्हाही नाही." हे त्या बातमी सांगावी तसं सांगत होत्या. "मुंबईला माझ्या गुरुजींचा तसा जायचा. आणखी कुणाचा मी पाहिलेला नाही."

"मग आत्ता वर सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर उद्यापासून या बायका कुणाकडे बघून पाय उचलतील?"

"तिच्याकडे."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी कठड्यावरचा हात पुढे सरकवला. "म्हणून."

त्या उरलेल्या पायऱ्या उतरल्या. खाली दाराशी मथुरा हॉलची किल्ली घेऊन उभी होती, बाई जाईपर्यंत कुलूप लावता येत नव्हतं. बाई तिच्या अंगावरून गेल्या, थांबल्या नाहीत. रस्त्यावर येताच मात्र त्या नेहमीसारख्या ताठ चालू लागल्या, लंगडणं दिसणार नाही इतक्या सावकाश, आणि समोरून येणाऱ्या एका ओळखीच्या बाईला त्यांनी विचारलं, "किती?" मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. आठवड्याभरात माझी बदली अलिबागला झाली.

मथुरा किल्ली हातात फिरवत होती. बाई कोपऱ्यावर वळल्यावर तिने मला विचारलं, "जिन्यात काय बोलत होत्या बाई? माझ्याबद्दल काय बोलल्या का?"

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."